कुळ्याची चावी

दसऱ्यानंतर जीपगाड्या सुरू झाल्या,
त्याच आठवड्यात ती आली.
भुरे केस, पोटरीपर्यंत चिखल,
हातात रुमालाची गाठ,
जसा कुणी देवळातला अंगारा बांधून आणावा.

मी मिरच्या तळत होते.
तिनं गाठ सोडली, वीतभर लोखंड पुढ्यात ठेवलं
आणि म्हणाली, 'शाव्.'
मी म्हटलं, 'चावी.'
दोघी गप्प झालो.
कढईतली मिरची करपली.

नाव इल्दा कार्नेरु.
मी मराठी चौथी पास. पाखल्यांची भाषा
माझ्या बापाला यायची, तीही शिव्यांपुरती.
इनास जीपवाला मध्ये पडला,
त्याच्या मावशीकडून उरलेलं चार आणे पोर्तुगीज घेऊन.
पण मी फळकुटावर थाप मारून 'मेज' म्हटलं
तेव्हा इनासची गरज पडली नाही.
साबण. बादली. पगार.
पगारावर ती हसली.
गलबतातून उतरलेल्या या शब्दांना
परतीचं तिकीट कुणी काढलं नव्हतं.
मोरीत, चुलीपाशी, जागा मिळेल तिथं राहिले.
आता त्यांना परकं म्हणायला
माझी तरी जीभ रेटत नाही.

तिचा आजा इथं नाक्यावर शिपाई होता.
कॅसलरॉकहून घाट उतरलेली गाडी
इथं तासन् तास उभी,
आणि तो लोकांच्या ट्रंका उघडायचा,
लुगड्यांच्या घड्यांतून हात फिरवायचा.
'तुमच्यापैकी कुणाला आठवतो?'
इनासनं विचारलं, तिच्या वतीनं.
माझ्या आजीला आठवायचा तो हात.
मी म्हटलं, नाही.

तो घरी लिहायचा म्हणे:
इथं दुधाचा अख्खा डोंगर कोसळतो
आणि माझ्या कॉफीत घालायला दूध नाही.

नाक्याची खोली दाखवली.
दार केव्हाच लिलावात गेलेलं,
भिंत फोडून उंबर वर आलेला.
तिनं कुलूप असायच्या उंचीवर
हवेतच चावी धरली,
आणि फिरवली.
काही उघडलं नाही.
एक सरडा तेवढा पानाआड झाला.

मग मला म्हणाली, चल.
जन्म कुळ्यात गेला, धबधबा मी तीनदा पाहिलेला.
गाडा जावेवर सोपवला,
भाड्याचं केशरी जॅकेट चढवलं,
ओहोळातून जीप गेली तेव्हा
ती देवाचं नाव घेत होती, मीही,
देव वेगळे, घाबरणं एकच.

जवळून ते दूध नसतंच.
कातळावर आपटून आपटून
रंग उडालेलं पाणी असतं ते.
वरच्या पुलावरून गाडी आली,
खिडक्या खिडक्यांतून ओरडणारी पोरं,
आणि मला बाप दिसला, त्याच रुळांवर, खडीची घमेली वाहणारा.
'घमेलं,' मी तिला ओरडून सांगितलं,
'शब्द तुमचा, वजन आमचं!'
इनासनं कानावर हात ठेवला, काय म्हणून.
पाण्यापुढे काही ऐकू येईना.
तिनं मान हलवली, समजल्यासारखी.
समजलं असेल. नसेलही.
आम्ही दोघी नखशिखान्त भिजलो होतो.

माझा शाबा आता तिच्या गावापासून दोन स्टेशनं पलीकडं
पहाटे तीनला पाव भाजतो.
आज्याचा जन्मदाखला घेऊन गेला.
तिथल्या विमानतळावर त्याचीही बॅग उघडली,
आईनं दिलेल्या कोकमांच्या पुडीत कुणी तरी बोट घातलं.
हे मी तिला सांगितलं. त्याचा नंबर दिला.
ती बराच वेळ चहा ढवळत बसली, साखर नसलेला.

चावी ती मेजावर विसरली,
की ठेवून गेली, कोण जाणे.
गिऱ्हाईक विचारतं, कशाची?
मी म्हणते, आहे एक.
पावसात बिस्किटांच्या डब्याचं झाकण गंजून बसलं
की तिचा दांडा फटीत घालते,
जरा उलटा जोर देते.
उघडतं.